पाळकाशी लग्न कर म्हणाले, पाळक हो कोणी म्हणालं नाही

आलेलं पत्र, थोडं कापून:

«ताई, सलाम. मी २७ वर्षांची. संडे स्कूल शिकवते, क्वायरमध्ये गाते, तरुणसंघ ४ वर्षं मीच चालवतेय, पाळकसाहेबांना वेळ नसला की आजाऱ्यांना भेटायलाही मीच जाते. मला थिऑलॉजी शिकून दीक्षा घ्यायची आहे, पाळक, म्हणजे पास्टर व्हायचंय. आमच्या चर्चच्या घटनेत बायकांना दीक्षा द्यायला बंदी नाही पण आमच्या मंडळीतून आजवर एकही झालेली नाही. पाळकसाहेबांना सांगितलं तर हसले, म्हणाले, बाळा, त्यापेक्षा एखाद्या पाळकाशी लग्न कर, सेवाच सेवा होईल. कमिटीतले एक काका म्हणाले पौलाने तीमथ्याला काय लिहिलंय ते वाच. आई म्हणते देवाचं काम करायला झगा कशाला लागतो. माझी कॅथलिक मैत्रीण म्हणते तुझ्याकडे निदान दार तरी आहे, माझ्याकडे भिंत आहे. मला रात्र रात्र वाटत राहतं की हे खरंच पाचारण आहे की माझा अहंकार. मी देवाच्या विरुद्ध जातेय का? — पायरीवर उभी»

अगं पायरीवाली,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की ह्यात तुला 'नाही' असं कोणीच म्हटलेलं नाहीये. पाळक हसले, काकांनी वचन दाखवलं, आईने झग्यावरून टोमणा मारला, पण नाही कोणी म्हटलं नाही, कारण तू रीतसर विचारलंच नाहीस, तू नुसती बोललीस. बोललं की समोरचा हसू शकतो, विषय बदलू शकतो, खांद्यावर थोपटू शकतो. अर्ज आला की त्याला उत्तर द्यावं लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकीचं पत्र ह्याच्याभोवती फिरणार आहे, त्यामुळे घाई असेल तर इथेच थांब आणि अर्ज लिहायला बस.

त्या लग्नाच्या सल्ल्यावर मात्र मला दोन शब्द बोलायचेत कारण वाचून आधी हसू आलं आणि मग राग आला. पाळकाशी लग्न केलंस तर मंडळीला एका पगारात दोन माणसं मिळतात, साधा हिशोब आहे तो. आपली भाषाच बघ ना, पाळकीणबाई म्हटलं की डोळ्यापुढे येते ती पाळकांची बायको, जी संडे स्कूल बघते, महिला मंडळ बघते, कोणाच्या घरी काय दुखलंखुपलं ते बघते, आणि वार्षिक अहवालात शेवटून दुसऱ्या ओळीत तिचे आभार मानतात. स्वतः दीक्षा घेतलेल्या बाईला काय हाक मारायची इथे लोक अजून अडखळतात, कोणी मॅडम म्हणतं, कोणी रेव्हरंड, कोणी नुसतंच अहो. तुला पाळकीण व्हायचं असेल तर हो, चांगलीच गोष्ट आहे, पण तू ते मागितलेलं नाहीस.

आता काकांचं वचन. प्रेषित पौलाचं आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला पहिलं पत्र, अध्याय २, वचन १२, स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये. ते आहेच, मी ते झाकणार नाही, आणि ते मनापासून मानणारे सगळे बायकांचा दुस्वास करतात असंही नाही. त्यांचं म्हणणं असं की पौल लगेच पुढे आदाम आधी घडला मग हव्वा असं कारण देतो, म्हणजे हा नियम त्या एका मंडळीपुरता नाही. दुसरी बाजू म्हणते की तिथे 'अधिकार चालवणे' ह्यासाठी जो ग्रीक शब्द आहे, औथेन्तेइन, तो अख्ख्या नव्या करारात फक्त ह्या एकाच ठिकाणी आलाय आणि त्याचा अर्थ साधा अधिकार की दडपशाही ह्यावर अभ्यासक अजून भांडतायत. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात १४ व्या अध्यायात बायकांनी मंडळीत गप्प राहावं असं आहे, आणि त्याच पत्रात ११ व्या अध्यायात प्रार्थना करताना, संदेश देताना बाईने डोकं झाकावं असं आहे, आता गप्पच बसायचं असेल तर डोकं झाकून बोलायची रीत कशाला सांगितली असती? काही जुन्या हस्तलिखितांत तर गप्प राहण्याची ती दोन वचनं त्या जागी नाहीतच, अध्यायाच्या शेवटी आहेत, म्हणून काही अभ्यासकांना शंका आहे की ती मुळात समासात कोणीतरी लिहिलेली टीप असावी.

आणि रोमकरांच्या पत्राचा १६ वा अध्याय तर काकांना मोठ्याने वाचायला सांग, लोक तो नावांची यादी म्हणून सोडून देतात. पहिल्याच वचनात फिबी आहे, मराठी बायबलात ती मंडळीची 'सेविका', आणि सेविका म्हटलं की आपल्याला वाटतं सतरंज्या घालणारी कोणी असेल. ग्रीकमध्ये तिथे दियाकोनोस आहे, जो शब्द पौल स्वतःसाठीही वापरतो. सातव्या वचनात यूनिया, प्रेषितांमध्ये नामांकित. चौथ्या शतकातल्या योहान क्रिसोस्तम ह्या नावाजलेल्या उपदेशकाने ह्या बाईचं कौतुक केलंय, प्रेषित म्हणवून घेण्याइतकी तिची योग्यता म्हणून, आणि तो काही बायकांच्या बाजूचा म्हणून प्रसिद्ध नव्हता. मग पुढे कधीतरी लोकांना वाटायला लागलं की प्रेषित म्हणजे पुरुषच असणार, तर हे नाव पुरुषाचं असणार. अभ्यासक वापरतात त्या, नेस्ले नावाच्या संपादकांच्या ग्रीक नव्या करारात १९२७ पासून ते नाव पुरुषी करून छापलं जात होतं, ग्रीकमध्ये फरक फक्त एका स्वरचिन्हाचा, आणि १९९८ मध्ये ते परत बाईचं झालं. म्हणजे ७१ वर्षं एक बाई एका चिन्हाखाली गाडलेली होती. (मला ही गोष्ट इतकी आवडते की मी ती न विचारता लोकांना सांगत सुटते, माझ्या घरचे कंटाळलेत.)

पण हे सगळं मी तुला तुझ्या समाधानासाठी सांगितलं, काकांशी वाद घालायला नाही. तू यूनिया काढलीस की काका बारा शिष्य सगळे पुरुष होते हे काढतील, तू मरीया मग्दालिया काढशील की पुनरुत्थानाची बातमी पहिल्यांदा शिष्यांना तिनेच सांगितली, ते आणखी काहीतरी काढतील, आणि दोघंही आपापल्या जागी खूश राहाल, वर्षं जातील. मी अशा हुशार मुली पाहिल्यात ज्यांना ग्रीक शब्दांचे अर्थ तोंडपाठ आहेत आणि ज्यांनी एकही फॉर्म कधी भरलेला नाही. वचनांच्या वादात जिंकून कोणाला दीक्षा मिळत नाही, ती देणारी माणसं ठरलेली असतात, त्यांची नावं आणि हुद्दे घटनेत लिहिलेले असतात.

इतिहासातही बघशील तर बहुतेक ठिकाणी गाडं अडलं ते कोणाच्या हातात काय आहे ह्यावर. अमेरिकेत अँटोनेट ब्राऊनला ओबर्लिनमध्ये थिऑलॉजीच्या वर्गात बसू दिलं पण पदवी दिली नाही, आणि तरी १८५३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यातल्या काँग्रिगेशनल मंडळीने तिला दीक्षा दिली, कारण त्या परंपरेत मंडळीच आपला पाळक ठरवते, वर विचारायला जावं लागत नाही. साल्व्हेशन आर्मीत, म्हणजे मुक्तिफौजेत, तर सुरुवातीपासून बायका ऑफिसर, १९३४ मध्ये इव्हँजेलिन बूथ जनरल, म्हणजे जगभरातल्या प्रमुख झाल्या. असेंब्लीज ऑफ गॉड ह्या पंथाने अमेरिकेत १९३५ मध्ये बायकांना पूर्ण दीक्षा दिली, आणि ही मंडळी बायबल सैल वाचणारी नव्हेत, तेव्हा कोणी तुला म्हणालं की बायकांना पुल्पिटवर चढवणं म्हणजे वचन सोडलेल्या लोकांचं खूळ, तर तसं नाहीये ते.

एक गोष्ट मात्र सावकाश सांगते, कारण तुझ्यासारख्या मुलीला ती माहीत असायला हवी. फ्लॉरेन्स ली टिम-ओई. दुसरं महायुद्ध, चीनच्या किनाऱ्यावरचं मकाव पोर्तुगीजांकडे म्हणजे तटस्थ, त्यामुळे निर्वासितांनी भरलेलं, आणि तिथल्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, मंडळीला प्रभुभोजन (भाकर-द्राक्षरसाचा विधी) द्यायला एकही प्रीस्ट पोचू शकत नव्हता, मधे जपानी सैन्य. ही बाई तिथे डीकन, म्हणजे प्रीस्टच्या एक पायरी खाली, होती, सगळं काम तीच बघत होती. शेवटी हाँगकाँगच्या बिशप रोनाल्ड हॉल ह्यांनी २५ जानेवारी १९४४ ला तिला प्रीस्ट म्हणून दीक्षा दिली, अँग्लिकन जगातली पहिली बाई. ती युद्धातून वाट काढत बिशपना भेटायला गेली होती ह्यासाठी. म्हणजे बघ, माणूस मिळत नव्हता तेव्हा चाललं. युद्ध संपलं आणि सगळीकडून आरडाओरडा सुरू झाला, बिशपवर दबाव आला, आणि १९४६ मध्ये तिने प्रीस्ट म्हणून काम करायचं लायसन्स परत केलं, बिशप अडचणीत येऊ नयेत म्हणून. पण दीक्षा परत केली नाही. हे दोन वेगळे कागद आहेत आणि तिला ते नीट माहीत होतं. नंतर चीनमध्ये चर्च बंद, तिला शेतावर, कारखान्यात राबवलं, आणि १९७१ मध्ये हाँगकाँगने आणखी दोन बायकांना दीक्षा दिली तेव्हा तिचीही मान्य झाली. पुढे कॅनडात गेली, तिथे प्रीस्ट म्हणून उभी राहिली, १९९२ मध्ये वारली. आजाऱ्यांना भेटायला पाळकांना वेळ नसला की तू जातेस असं लिहिलंयस ना, तेव्हा मला हीच आठवली. गरज आहे तोवर तुझा हात चालतो, नाव द्यायची वेळ आली की वचन निघतं.

एपिस्कोपल चर्च म्हणजे अमेरिकेतले अँग्लिकन, त्यांची गोष्ट अगदी तुमच्या घटनेसारखी आहे. नियमात बायकांना स्पष्ट बंदी नव्हती, पण १९७३ च्या अधिवेशनात प्रस्ताव पडला. मग २९ जुलै १९७४ ला फिलाडेल्फियात ११ बायकांनी पदावर नसलेल्या तीन बिशपांच्या हातून दीक्षा घेतली, बाकी बिशपांनी ती मानली नाही, आणि १९७६ मध्ये त्याच चर्चने रस्ता मोकळा केला. मी तुला असं काही कर म्हणत नाहीये हं, त्यांच्या मागे शिकलेल्या, डीकन म्हणून काम केलेल्या बायकांची फळी होती, तू एकटी आहेस. पण 'बंदी नाही' आणि 'होतं' ह्यात केवढं अंतर असतं ते बघ.

आणि अडवणारे नेहमी झगेवाले नसतात. इंग्लंडच्या चर्चमध्ये १९९२ मध्ये बायकांना प्रीस्ट करायचं ठरलं, १९९४ मध्ये ब्रिस्टलला पहिल्या ३२ जणींना दीक्षा मिळाली, मग बायका बिशप होणार का ह्यावर २०१२ मध्ये मतदान झालं तेव्हा बिशपांनी दोन तृतीयांशपेक्षा जास्त मतं दिली, पाळकवर्गानेही दिली, आणि पडलं कुठे तर साध्या सभासदांच्या सभागृहात, दोन तृतीयांशला ६ मतं कमी पडून. विरोध करणाऱ्यांत बायकाही होत्या. २०१४ मध्ये मंजूर झालं, २०१५ मध्ये लिबी लेन पहिल्या बिशप, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सारा मुलाली, ज्या आधी नर्स होत्या, त्यांचं नाव कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, म्हणजे तिथल्या चर्चच्या सगळ्यात वरच्या बिशपपदासाठी, जाहीर झालं. चर्च ऑफ साउथ इंडियाने त्याआधीच, २०१३ मध्ये, पुष्पा ललिता ह्यांना बिशप केलं होतं. मला ह्यातली ती ६ मतं महत्त्वाची वाटतात. तुमच्याकडे कमिटी कोण निवडतं, त्या मीटिंगला किती बायका जातात, तू कधी गेलीस का? बहुतेक ठिकाणी फंड गोळा करतात बायका आणि खजिनदार असतात काका, आणि निवडणुकीच्या दिवशी बायका चहाच्या बाजूला असतात.

खोटी आशा नाही दाखवत. दीक्षा मिळाली की संपलं असं नाही. इंग्लंडमध्येच ज्यांना बाईच्या हातचं प्रभुभोजन नको त्यांच्यासाठी वेगळे बिशप नेमायची सोय १९९३ मध्येच करून ठेवली होती. लॅटव्हियाच्या लुथरन चर्चने १९७५ मध्ये बायकांना दीक्षा द्यायला सुरुवात केली, १९९३ मध्ये नवे आर्चबिशप आले ते थांबले, आणि २०१६ मध्ये सिनॉडने, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेने, फक्त पुरुषांनाच असा नियमच करून टाकला. उघडलेलं दार बंदही होतं. म्हणून दीक्षा घेतलेल्या बायकांना भेटशील तेव्हा त्यांना वचनांबद्दल विचारू नकोस, त्यांना विचार की नेमणूक कुठे दिली, किती वर्षं सहायक म्हणूनच ठेवलं, घर मिळालं का, पगार बरोबरच्या पुरुषाइतका का, बाळंतपणाची रजा कागदावर आहे की कृपेवर, आणि पहिल्या प्रभुभोजनाला किती जण उठून गेले. ही उत्तरं ऐकूनही जावंसं वाटलं तर पाचारणाबद्दल मला वेगळं काही विचारायची गरज नाही.

हं, अहंकार. तुमच्या मंडळीतून सेमिनरीला गेलेल्या मुलांना कमिटीने काय काय विचारलं होतं ते जरा माहीत करून घे. बायबल वाचतोस का, प्रार्थना करतोस का, गिटार येते का, घरचं कसं आहे. अहंकार आहे का असं कोणी विचारलं असेल तर मला कळव, मी माझे शब्द मागे घेईन. थोडा अहंकार असेलही गं तुझ्यात, शंभर लोकांपुढे उभं राहून बोलायचं म्हणजे तेवढा लागतो, मोशेला तर देवाने हाक मारून बोलावलं आणि तो मला बोलता येत नाही म्हणून मागे सरत होता, तरी पाठवलाच. देवाच्या विरुद्ध जातेयस का हे मला कळत नाही, मी देव नाही, पाळकसाहेबही नाहीत. म्हणून तर पाचारण पारखायची पद्धत चर्चने ठेवलीये, मुलाखती, शिफारस, अभ्यास, उमेदवारीची वर्षं. ते पारखतील, तू एकटीने रात्री अंथरुणात पारखू नकोस, तिथे सगळंच वाईट दिसतं.

आईचं म्हणणं मला अर्धं पटतं. आजाऱ्याशेजारी बसायला झगा लागत नाही, खरंय. पण तुझ्याच मंडळीत बघ, बाप्तिस्मा द्यायला लागतो, प्रभुभोजन द्यायला लागतो, आणि मरणाऱ्या माणसाने प्रभुभोजन मागितलं तर तुला तिथून उठून पाळकसाहेबांना फोन करावा लागतो. आईला वाद घालून नको सांगूस, अशा एखाद्या भेटीला तिला सोबत घेऊन जा. आणि ती भांडणाला घाबरत असेल, चर्चमधल्या भांडणात घरचे कसे भरडले जातात हे तिने पाहिलं असेल, तेही ऐकून घे तिचं.

तुझ्या मैत्रिणीला मात्र माझा हा सल्ला लागू पडत नाही, तिला उगाच अर्ज कर म्हणू नकोस. कॅथलिक चर्चच्या कायद्यात कलम १०२४ सरळ सांगतं की दीक्षा फक्त बाप्तिस्मा झालेल्या पुरुषालाच, आणि १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी लिहिलं की बायकांना दीक्षा द्यायचा अधिकारच चर्चला नाही, म्हणजे द्यायची नाही असं नव्हे, देता येतच नाही अशी ती भूमिका. त्यामागे येशूने बारा पुरुष निवडले आणि प्रीस्ट वेदीपुढे ख्रिस्ताच्या जागी उभा असतो हा विचार आहे. तरी कोणी दीक्षा दिली तर देणारा आणि घेणारी दोघंही आपोआप बहिष्कृत. तिचा 'नाही' लेखी आहे. पण भिंतीच्या आतल्या खोल्या हलतायत, २०२१ पासून वाचक आणि वेदीसेवक ही पदं बायकांना अधिकृतपणे खुली झाली, २०२३ च्या सिनॉडमध्ये बायकांनी पहिल्यांदा मतदान केलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये सिस्टर सिमोना ब्राम्बिल्ला व्हॅटिकनच्या एका अख्ख्या विभागाच्या प्रमुख झाल्या, हे पहिल्यांदाच झालं. हे तिला पुरेसं वाटेल की चिडचिड होईल ते तिचं ती ठरवेल, तू फक्त 'माझ्याकडे दार आहे' हे तिच्यापुढे फार मिरवू नकोस.

बरं, अर्ज. चर्चची घटना मागून घे, छापील प्रत, कोणीतरी सांगितलेली नको, आणि दीक्षेच्या उमेदवाराबद्दल काय लिहिलंय ते स्वतः वाच, वय, शिक्षण, किती वर्षं सभासद, शिफारस कोणाची. मग एक पानाचं पत्र, सेक्रेटरींच्या नावाने, पाळकसाहेबांना प्रत. त्यात यूनिया नको, पौल नको, रडगाणं नको, लग्नाचा किस्साही नको, जीभ चावून का होईना तो गाळच. फक्त मी अमुक वर्षांपासून सभासद आहे, ही ही कामं केली, घटनेतल्या अमुक कलमाप्रमाणे दीक्षेसाठी उमेदवार म्हणून माझी शिफारस करावी, हा विषय येत्या कमिटी मीटिंगमध्ये घ्यावा आणि निर्णय मला लेखी कळवावा. काका असतील मीटिंगमध्ये, असू देत, त्यांनी विरोध केला तर तो मिनिट्समध्ये त्यांच्या नावाने जाईल, आणि मिनिट्समध्ये नाव जाणार म्हटलं की अर्धे विरोधक बाथरूमला जातात हा माझा बऱ्याच कमिट्यांवर बसून आलेला अनुभव आहे. हो म्हणाले तर सेमिनरीचे फॉर्म कधी निघतात ते बघायला लाग. नाही म्हणाले तर तो कागद घेऊन वर जाता येतं, दुसऱ्या मंडळीत जाता येतं, निदान तू कुठे उभी आहेस ते कळतं. दोन महिने काहीच उत्तर आलं नाही तर एक ओळीचं स्मरणपत्र, तारीख घालून.

पत्र देताना पोहोच घे, सेक्रेटरींची सही आणि तारीख असलेली. ते म्हणतील घरचीच तर आहेस, सही कशाला. तरी घे.

तुझी ताई